न नांगरलेलं अर्धं शेत

आमच्या भागात जूनमध्ये एखादं शेत नांगरलेलं दिसलं नाही, तर त्याचे दोनच अर्थ होतात. घरात कोणीतरी गेलेलं आहे, किंवा भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले आहेत. तिसराही अर्थ असू शकतो हे गावाला पटवायला मला तीन पावसाळे लागले. त्यातले निम्मे दिवस तर माझ्याच घरातल्यांना पटवण्यात गेले.

शेत कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. तीस गुंठे. रस्त्याला लागून असणं हा त्याचा मोठा दोष. ते आत कुठे असतं तर आम्ही त्यात काय करतो हे बघायला लोकांना चपला झिजवाव्या लागल्या असत्या. इथे जीपमध्ये बसल्या बसल्या मत देता येतं. मी कशेळ्याच्या शाळेत जन्मभर शिकवलं, त्यामुळे जीपमधल्या निम्म्या लोकांना पाढे मीच शिकवलेले आहेत. त्यांची मतं ऐकताना याची आठवण ठेवावी लागते.

या शेताची वरची माती फार पूर्वी वीटभट्टीला गेली. सासऱ्यांना पक्कं घर बांधायचं होतं. भट्टीवाल्याने हातभर खोल माती उचलून नेली आणि बदल्यात घरापुरत्या विटा दिल्या. घर चांगलं झालं, अजून एक भेग नाही. सासऱ्यांना यात मूर्ख ठरवण्याचं कारण नाही. तेव्हा सगळेच म्हणत, माती काय, गाळ येतो आणि दोन-चार पावसाळ्यांत भरून निघते. नदीकाठच्या शेतांत गाळ येतोही. आमच्या शेतात तो आला नाही, कारण नदी आमच्याकडे येत नाही, आम्हीच तिच्याकडे जातो.

मग उरली ती घट्ट, फिकट, मुरुमाकडे झुकलेली जमीन. पाऊस आमच्याकडे असा पडतो की घाटावरच्या पाहुण्याने हेवा करावा. पण ते शेत त्या पाण्याला बस म्हणत नसे. पाणी वरूनच वाहून जाई, आणि आठ दिवस उघडीप पडली की भाताची पानं सुरळीसारखी वळत. अलीकडे पाऊसही पहिल्यासारखा राहिला नाही. येतो तो धो धो, आणि जातो तो ऐन पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात असताना. चार महिने चिंब भिजणाऱ्या तालुक्यातलं एक दुष्काळी शेत आमच्या मालकीचं होतं.

माझे यजमान गेल्यावर ते शेत वाटणीत माझ्याकडे आलं, पण सातबाऱ्यावर माझं आणि दादांचं अशी दोन्ही नावं राहिली. दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांची चिखलणी आसपासच्या गावांत नावाजलेली. लावणीआधी शेतात पाणी धरून, नांगर फिरवून मातीचं लोणी करायचं, याला आम्ही चिखलणी म्हणतो. दादांनी चिखल केला की रोप हातातून सुटायच्या आधीच उभं राहतं, असं बायका म्हणत. पुढे बैल गेले, पॉवर टिलर आला, पण दादांचा मान कमी झाला नाही.

भट्टीवाला बदलला होता, पण भूक तीच होती. त्याने दादांना विचारलं, उरलेली माती आणि खालचा मुरूम द्याल का. या वेळी खोदलं असतं तर मागे शेत उरलंच नसतं, खड्डा उरला असता. दादांना ते मान्य होतं.

"त्यात पिकतं काय, बाई? कष्ट वाया," ते म्हणाले. गाव मला बाई म्हणतं म्हणून घरही बाईच म्हणतं.

मी म्हटलं, "दादा, मला तीन पावसाळे द्या. मी नांगर न लावता करून बघते."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. यजमान गेल्यानंतर लोक माझ्याकडे असं बघायचे, त्यामुळे मला सवय होती. "दिले," ते म्हणाले. "तीन. मंग पिकलं नाय तर भट्टीवाल्याला मी हो सांगनार."

मला काही साक्षात्कार झालेला नव्हता. माझं माहेर खालापूरकडचं. तिथे गेले असताना एकाच्या शेतात पाहिलं होतं. एकदाच मातीचे लांब गादीवाफे करायचे. पुढे त्यांना नांगर नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. खुंट्या बसवलेला लोखंडी साचा दाबून भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात चार-चार दाणे टाकायचे. कापणी झाली की धसकटं आणि मुळं तिथेच सोडायची. ती जागच्या जागी कुजतात, त्यांच्या वाटेने पाणी खाली मुरतं, गांडुळं येतात. थोडक्यात, मातीची मशागत सोडून तिला जरा एकटं राहू द्यायचं. हे मला पटलं, कारण चौथीच्या काही मुलांवर हाच उपाय चाललेला मी पाहिला होता.

थोरल्या जाऊबाईंना मात्र हे हसण्यासारखं वाटलं. "राब भाजायचा नाय, रोप करायचं नाय, लावणी नाय. मंग पावसाळ्यात आमी करायचं काय गं? पत्ते खेळायचं?"

राब म्हणजे रोपासाठीची जागा. उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून, पालापाचोळा आणि शेण पसरून ती भाजतात. जाऊबाई त्यात तरबेज. त्यांना वाटलं, मी त्यांचं कामच काढून घेते आहे.

पहिल्या वर्षी भात कमी आणि तण जास्त आलं. म्हशींचा या पद्धतीला तेव्हापासूनच पाठिंबा आहे. जाऊबाई आणि मी तण कापून, म्हशींना घालून उरलेलं वाफ्यांवरच अंथरत राहिलो. दुसऱ्या वर्षी भात पहिल्यापेक्षा बरं आलं आणि कापणीनंतर त्याच वाफ्यांत वाल टोकला. दिवाळीनंतर कोरडं ठक्क पडणाऱ्या त्या शेतात वालाला फुलं आली, तेव्हा जाऊबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "ह्याला पानी कुणी घातलं?"

"कोणी नाही."

"खोटं नको बोलूस." आणि मग स्वतःच खुरप्याने उकरून बघितलं. खाली ओल होती. त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूच्या झाल्या. मला मात्र ते पुष्कळ उशिरा कळलं.

त्याच वर्षी एक गोष्ट झाली होती, तिचं गांभीर्य माझ्या लक्षात आलं नव्हतं. जूनमध्ये एक दिवस दादांच्या सासुरवाडीकडचे एक वृद्ध गृहस्थ जीपमधून उतरले. टोपी काढून ओटीवर बसले, मान खाली. जाऊबाईंनी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. हळूच म्हणाले, "कवा झालं?"

"काय कवा झालं?"

"म्हंजे... गेलं कोन?"

तेवढ्यात दादा आतून आले. पाहुण्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू आता संशयितांची यादी छोटी झाली.

"मी तर हाय," दादा म्हणाले.

"मंग शेत असं का पडलंय रं?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. दादा हसले नाहीत. पुढे मला कळलं की चहाच्या टपरीवरही बोललं जात होतं. धाकटा भाऊ गेला, आणि ह्याला भावजयीचं रान नांगरून द्यायला हात नाही. मी नव्या पद्धतीने शेती करते आहे, असं गावातल्या कोणाला वाटतच नव्हतं. गावाच्या हिशेबी मी निराधार होते आणि दादा निर्दयी. ज्या माणसाची उभ्या जन्माची कमाई म्हणजे नांगरट, त्याच्याबद्दल हे. ते त्यांनी वर्षभर आतल्या आत सोसलं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ आणि वारा टाळा म्हणून सांगितलं, तशी मी मुलीच्या शेलूच्या फ्लॅटवर दहा दिवस राहिले. तिथे धूळ आणि वारा नाही असं डॉक्टरांना का वाटलं, कोण जाणे. खिडकीसमोर तीन इमारती उठत होत्या. नवव्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला. "बाई, तू ये. पर तापू नको."

न तापण्याची सूचना ऐकूनच मी तापले.

काळा चष्मा लावून मी बांधावर उभी राहिले. शेताचा डावा अर्धा भाग उलटापालटा होऊन पडला होता. दोन वर्षांचे वाफे, दोन वर्षांची मुळं, सगळं ढेकळांत. उजवा अर्धा भाग जसाच्या तसा होता. मधे एका वाफ्यावर टिलरच्या चाकांची खूण येऊन थांबली होती.

थांबली कशी, ते जाऊबाईंनी सांगितलं. दादांनी भल्या सकाळी टिलर काढला. त्या न्याहारी घेऊन गेल्या तेव्हा निम्मं शेत नांगरून झालेलं. त्या डबा हातात घेऊन टिलरच्या पुढे वाफ्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी बोलले, घाला. आता माज्यावरनं घाला."

"दादा काय म्हणाले?"

"काय बोलनार? बाजूला हो, लोकं काय बोलतात ठावं हाय का. मी बोलले, लोकांची कंबर मोडली काय लावणीत? माजी मोडली. लगीन झाल्यापासून चिखलात वाकते मी. दोन वर्सं झाली ह्या रानात वाकायला लागत नाय, तर पावसाळ्यात गुडघं सुजत नायत. आता परत चिखल करताव? मी नाय हलायची."

"मग?"

"मंग काय. मशीन बंद केली नि भाकर खाल्ली. उपाशी मानूस भांडनार कसा?"

नवऱ्यासमोर कधी आवाज न चढवणाऱ्या या बाईने हे केलं होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या गुडघ्यांसाठी. मला त्यांचा जितका अभिमान वाटला, तितका कोणत्याही व्यासपीठावरच्या बाईबद्दल वाटलेला नाही.

दादा ओटीवर बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "म्हटलं, तुमी हिकडं नाय, तवर नांगरून ठेवावं. आल्यावर बरं वाटंल तुमाला. भाऊ असता तर त्यानं केलंच असतं."

त्यांनी मला भेट दिली होती. मला राग आला होता आणि रागावता येत नव्हतं, ही फार गैरसोयीची अवस्था आहे. शेवटी मी एवढंच म्हटलं, "दादा, झालं ते झालं. डावा अर्धा तुमचा. राब, रोप, चिखलणी, सगळं तुमच्या मनासारखं करा. उजवा माझा. बियाणं एकच. तिसरा पावसाळा आहे, तुमचा शब्दही तुमच्याजवळ आहे."

"आनि माज्याकडं जास्त पिकलं तर?"

"तर भट्टीवाल्याला सांगा."

जाऊबाईंनी दादांच्या अर्ध्यात लावणीला वाकायला साफ नकार दिला. दादांनी वाडीवरून माणसं बोलावली. त्यांची चिखलणी त्या वर्षीही देखणी झाली, हे मला मान्य करावंच लागेल. गुळगुळीत, आरशासारखी. जुलैअखेर त्यांचं भात माझ्या भातापेक्षा वीतभर उंच होतं. जीपमधली डोकी डावीकडे वळून माना डोलवत. दादा संध्याकाळी बांधावर जरा जास्तच वेळ थांबू लागले, आणि मी भट्टीवाल्याच्या ट्रकची स्वप्नं बघू लागले.

मग पावसाने ओढ दिली. ऐन पोटरीत. दुसऱ्या आठवड्यात दादांच्या अर्ध्यातलं पाणी आटलं, चिखल सुकला, आणि ती आरशासारखी माती तडकू लागली. आधी बोट जाईल एवढ्या भेगा, मग पंजा. पानं वळली. माझ्या अर्ध्यातली पानं दुपारी जरा मलूल व्हायची आणि सकाळी पुन्हा ताठ. मी देवाला मानत नाही असं म्हणते, पण त्या दिवसांत मी सकाळी सकाळी कोणाच्या तरी पाया पडूनच शेतावर जात होते.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी गेले, तर दादा माझ्या वाफ्यापाशी उकिडवे बसलेले. खुरप्याने एक ढेकूळ काढून तळहातावर घेतलं होतं आणि बोटांनी ते हळूहळू फोडत होते. ढेकूळ काळपट होतं, ओलसर होतं, जुन्या मुळांच्या नळ्यांनी भरलेलं.

"गांडुळं हायत," ते म्हणाले.

"हो."

"माज्याकडं एक नाय."

मी त्यांच्या शेजारी बसले.

"माज्याकडंबी असनार तवा. जूनमधे." ते ढेकूळ त्यांनी परत जागेवर ठेवलं आणि वर माती ओढली, झाकल्यासारखी. "मीच मारली. नांगर घालून."

नांगराबद्दल अशी भाषा त्या घरात कधी कोणी केली नव्हती. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते वेगळंच. वाटलं, हा माणूस मोठा आहे. मी चौतीस वर्षं मुलांना चूक कबूल करायला शिकवलं, पण ज्या गोष्टीवर आपलं सगळं नाव उभं आहे तीच चूक होती असं म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. आली असती तर मी ती फळ्यावरून गुपचूप पुसली असती.

दोन दिवसांनी तालुक्याहून निरोप आला, शेती खात्याचे वरचे साहेब शेत बघायला येणार. कोणी कळवलं ते समजलं नाही. रस्त्यालगत असण्याचा हाही एक दोष. साहेबांच्या आधी टेंपो आला. त्यात खुर्च्या, एक सोफा, मंडपाचं कापड, आणि 'हवामान-अनुकूल शेतीकडे दमदार पाऊल' असा फलक. टेंपोवाल्यांनी सोफा उचलला आणि माझ्या अर्ध्याच्या कडेच्या वाफ्यावर ठेवायला निघाले, कारण हिरव्या बाजूला फोटो चांगला येतो.

"ए! थांबा!" दादा एवढ्या मोठ्याने ओरडले की सोफा हवेत राहिला. "त्या वाफ्यावर पाय देयाचा नाय. तीन वर्सं आमी दिला नाय."

"मग कुठे मांडू, काका? साहेब येतायत."

दादांनी स्वतःच्या अर्ध्याकडे हात केला. "हितं कडंला मांडा, रोपं गेलीत तिथं. ही बाजू मेली हाय. हिला काय फरक पडत नाय."

तेव्हा साहेबांचा सोफा तडकलेल्या मातीवर मांडला गेला, आणि एक पाय भेगेत गेल्याने जरा तिरका राहिला. शाल-श्रीफळ झालं. भाषणं झाली. माझा उल्लेख 'नवदुर्गा' असा झाला. मी बासष्ट वर्षांची आहे आणि माझ्या हातात खुरपं होतं. जाऊबाईंचा उल्लेख कोणीच केला नाही, त्या मागे चहा गाळत होत्या.

मग साहेबांनी विचारलं, की अर्धं असं आणि अर्धं तसं कशाने झालं. मी तोंड उघडायच्या आत दादा उठले. मला वाटलं, आता हे म्हणणार की मी मुद्दाम नांगरलं, लोकांना फरक दाखवायला. मी ते चालवूनही घेतलं असतं. फजिती झाकायचा हा आमच्याकडचा मान्य मार्ग आहे.

"ही डावी बाजू म्या नांगरली," दादा म्हणाले. "लोकं हसतात म्हनून नांगरली. बाईंना न इचारता. नि ही उजवी वाचली ती हिच्यामुळं." त्यांनी चहाच्या पातेल्याकडे बोट केलं. "ही आडवी आली नसती, तर तुमाला सोफा ठेवायला आजून जागा मिळाली असती."

जाऊबाईंनी गाळणं तसंच हातात धरलं आणि पदर तोंडाला लावला. आधी लोक हसले, मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसातल्या त्या एवढ्याच खऱ्या टाळ्या.

नंतर दादांनी सगळ्यांना शेत दाखवलं. वाफ्यांमधल्या सरीतून, एकामागे एक. पॉलिश केलेले बूट घातलेले अधिकारी तोल सांभाळत चालत होते, आणि कोणाचा पाय वाफ्यावर पडला की मागून आवाज येई, "ओ सायेब, खाली. सरीतनं."

ओढ संपली तेव्हा दादांच्या अर्ध्याला पावसाचा उपयोग राहिला नव्हता. लोंब्या आल्या त्या निम्म्या पोकळ. माझ्या अर्ध्यात भात भरलं. फार मोठं पीक नव्हे. चांगल्या शेतात होतं तेवढं. पण या शेताला कोणी चांगलं शेत म्हणावं असं आमच्यापैकी कोणाच्याही आयुष्यात घडलं नव्हतं.

कापणी चालू असतानाच भट्टीवाला आला. मोटारसायकल रस्त्यावर लावून बांधावर उभा राहिला. तीन पावसाळे झाले होते, त्याने मोजले असणार. आम्ही तिघं विळे घेऊन वाकलेलो. मी कापायची थांबले. जाऊबाईही थांबल्या. दादा थांबले नाहीत.

"काय दादा, काय ठरलं?"

"कसलं?"

"मातीचं. शब्द होता तुमचा."

दादा सरळ झाले. "शब्द हा होता का शेत पिकलं नाय तर देनार. बघ की, पिकलंय."

"अर्धंच तर पिकलंय, दादा. ती बाजू गेलीच ना? तेवढी द्या."

दादांनी डाव्या बाजूकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचार करतील. "ती गेली नाय," ते म्हणाले. "म्या मारली होती. आता परत जगवायची हाय. तुला दिली तर कशी जगवू?"

भट्टीवाला मोटारसायकलकडे वळला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही यांना पार बिघडवलंत." तोही माझा विद्यार्थी. वर्गातही शेवटचा शब्द त्यालाच लागायचा.

कापणी संपल्यावर उजवीकडे आम्ही वाल टोकला. डावीकडे दादांनी टिलर काढला, त्या शेतातली शेवटची नांगरट म्हणून, आणि वाफे करायला घेतले. दोन टोकांना खुंट्या ठोकल्या, मधे सुतळी ताणायची होती. एक टोक माझ्या हातात दिलं.

वाफा जरा तिरका गेला तरी भाताला काही फरक पडत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. पन्नास वर्षं ज्या हाताने नांगराचे सरळ तास काढले, तो हात वाकडा वाफा करणार नव्हता.

"बाई, ताठ धरा."

"धरली आहे."

"कुठं धरलीया! मास्तरीन होतात ना तुमी? ही काय सरळ रेघ झाली?"

पलीकडून जाऊबाई ओरडल्या, "आनि पुढल्या वर्साला तिच्यावर नांगर घाला परत!"

"तू गप गं," दादा म्हणाले, आणि सुतळीला एक हिसका देऊन ती तसूभर डावीकडे सरकवली.